नळी घेण्याआधी गोळी मोजा: रायफलच्या पिळाचं गणित, बेळगावच्या हवेत

रायफलसाठी नवी नळी मागवायची असली की एक फॉर्म भरावा लागतो. कॅलिबर, लांबी, तोंडाची जाडी, पोलादाचा प्रकार इथपर्यंत माणूस हौसेनं लिहीत जातो. मग 'ट्विस्ट', म्हणजे नळीचा पीळ, असा एक रकाना येतो आणि पेन थांबतं. शेजारी बसलेला कुणीतरी म्हणतो, "आठ लिही की! आठ सगळ्यात भारी." का भारी, हे त्याला माहीत नसतं आणि आपण विचारत नाही. त्या रकान्यात काय लिहायचं आणि ते कसं ठरवायचं, एवढ्यासाठीच हे लिहितोय.

आधी कागदपत्रांचं बोलू. १९५९ च्या शस्त्र कायद्यात शस्त्रांचे सुटे भागही 'शस्त्र' या व्याख्येत येतात. म्हणजे नुसती नळीसुद्धा परवान्याच्या बाहेर नाही. उद्यमबागेच्या औद्योगिक वसाहतीत आपला एखादा दोस्त लेथवर मायक्रॉनमध्ये काम करत असेल, हायड्रॉलिकचे सिलिंडर घोटून आरशासारखे करत असेल, तरी हे काम त्याला सांगायचं नाही. बनवणं, बदलणं, दुरुस्त करणं, सगळ्याला वेगळा परवाना लागतो. तुमच्याबरोबर तोही आत जाईल. नळी रीतसर मार्गानं मागवायची आणि परवानाधारक गनस्मिथकडूनच बसवून घ्यायची. शिकारीवर १९७२ पासून बंदी आहे. त्यामुळे हा सगळा विषय नेमबाजीच्या रेंजवरच्या कागदी टार्गेटचा आहे, खानापूरच्या रानातल्या डुकराचा नाही.

पीळ म्हणजे नेमकं काय

नळीच्या आत जे आटे असतात, ते गोळीला फिरवतात. लेथवर काम केलेल्याला हे एका वाक्यात समजतं: नळीतले आटे म्हणजे मल्टी-स्टार्ट थ्रेड आणि ट्विस्ट म्हणजे त्याची लीड, एका फेरीत पुढे सरकण्याचं अंतर. सहा खाचांची नळी म्हणजे सहा स्टार्टचा आटा, फक्त लीड दहा-बारा इंचांची. '१:१०' लिहिलं असेल तर दहा इंच पुढे जाताना गोळी एक पूर्ण गिरकी घेते. '१:१६' असेल तर सोळा इंचांत एक.

इथेच नवखा पहिल्यांदा फसतो. मोठा आकडा म्हणजे मंद पीळ आणि लहान आकडा म्हणजे जलद पीळ. सोळापेक्षा आठ दुप्पट जलद. युरोपातल्या नळ्यांवर तोच आकडा मिलिमीटरमध्ये असतो. २५४ दिसलं तर दहा इंच समजा, ४०६ म्हणजे सोळा, २०३ म्हणजे आठ.

गोळी फिरवायची कशाला? भोवऱ्यासाठी. दोरी कमी ओढून सोडलेला भोवरा आरेवर नीट उभा राहत नाही, डुलतो, मग आडवा पडतो. लांबट, टोकदार गोळीचं वजन मागच्या बाजूला जास्त असतं आणि हवेचा रेटा तिच्या टोकाशी लागतो, म्हणून ती स्वभावतःच उलटायला बघते. पुरेशी गिरकी मिळाली तर ती टोक पुढे ठेवून जाते. नाही मिळाली तर आडवी होते आणि टार्गेटवर गोल भोकाऐवजी किल्लीच्या भोकासारखं लांबट भोक पाडते.

गिरकी किती असते, याचाही अंदाज घेऊ. गोळीचा वेग फूट प्रतिसेकंदात घ्या, ७२० नं गुणा आणि ट्विस्टच्या इंचांनी भागा. साध्या .२२ ची गोळी १०७० फुटांच्या वेगानं १:१६ मधून निघाली तर ४८ हजार आरपीएमच्या वर जाते. मोठ्या काडतुसाची २९५० फुटांची गोळी १:१० मधून निघाली तर दोन लाख बारा हजार. आपल्याकडच्या सीएनसीचा स्पिंडल काही हजारांवर किंचाळायला लागतो, त्याच्या शेजारी हा आकडा ठेवून बघा.

पायरी पहिली: नळी बाजूला ठेवा, गोळी ठरवा

सगळ्यात महत्त्वाचं हेच आहे आणि बहुतेक जण हे शेवटी करतात. पीळ रायफलसाठी निवडत नाहीत, तुम्ही वापरणार त्या सगळ्यात लांब गोळीसाठी निवडतात. लांब म्हटलं, जड नाही. लोक "किती ग्रेन?" (ग्रेन म्हणजे गोळीच्या वजनाचं माप) एवढंच विचारतात, कारण डब्यावर ग्रेन छापलेले असतात आणि लांबी छापलेली नसते. पण पिळाची गरज ठरते ती मुख्यतः लांबीवर.

याचं चांगलं उदाहरण आपल्या गावातच ऐकायला मिळतं. मराठा लाईट इन्फंट्रीचं केंद्र बेळगावात असल्यानं गल्लोगल्ली माजी सैनिक आहेत. कुठल्याही जुन्या सुभेदार मामांना थ्री-नॉट-थ्री म्हणा, चहा थंड होईपर्यंत बोलतील. त्या ली-एनफिल्ड रायफलला पाच खाचा आणि १:१० चा डावा पीळ. सुरुवातीला तिची गोळी होती २१५ ग्रेनची, बोथट नाकाची. १९१० मध्ये आली मार्क ७, टोकदार आणि १७४ ग्रेनची. वजन ४१ ग्रेननं उतरलं, पण तिच्या टोकात शिशाऐवजी ॲल्युमिनियमचा तुकडा भरलेला होता, त्यामुळे वजनाच्या मानानं गोळी लांबच राहिली. नळ्यांचा पीळ तोच ठेवला आणि तो तिला चालला. नुसते ग्रेन बघणारा इथे चुकला असता.

(एनफिल्डवरून आठवलं. आपल्याकडे 'बुलेट' म्हटलं की मोटरसायकलच डोळ्यांसमोर येते. तिच्या कंपनीचं नावही त्याच एनफिल्डच्या सरकारी बंदूक कारखान्यावरून पडलंय, कंपनी सुरुवातीला त्यांचे भाग बनवून द्यायची.)

हाच नियम तांब्याच्या एकसंध गोळ्यांना जास्तच लागू होतो. तांबं शिशापेक्षा हलकं, म्हणून तेवढ्याच ग्रेनसाठी गोळी लांब करावी लागते आणि तिला जलद पीळ लागतो.

.२२ वाल्यांसाठी

तुम्ही .२२ लाँग रायफलवर ५० मीटर खेळणार असाल, आणि आपल्या भागातले बहुतेक जण तेच खेळतात, तर हा रकाना तुमच्यासाठी सोपा आहे. १:१६ लिहा आणि पुढचा मजकूर नुसत्या कुतूहलानं वाचा. राधानगरीतल्या कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळेनं २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये कांस्य घेतलं ते याच काडतुसावर. कोल्हापूरची तेजस्विनी सावंत २०१० मध्ये म्युनिकला ५० मीटर प्रोनमध्ये (पालथं झोपून नेम धरायचा प्रकार) जगज्जेती झाली तेही याच. मॅचचं जवळपास सगळं दारूगोळ्याचं उत्पादन ४० ग्रेनच्या गोळीभोवती फिरतं आणि त्या गोळीला सोळा पुरतो. ६० ग्रेनची एक हौशी सबसॉनिक, म्हणजे आवाजापेक्षा मंद, गोळी बाजारात आली, ती सोळाच्या नळीत आडवी होते, तिला नऊच्या आसपासचा पीळ लागतो. मॅचमध्ये तिचं काम नाही.

एअर रायफलवाल्यांनी तर हे गणित करूच नये. कमरेत बारीक असलेला डायबोलो छर्रा मुख्यतः आपल्या पोकळ शेपटावर सरळ राहतो, बॅडमिंटनच्या फुलासारखा. खालची सूत्रं त्याला लागू पडत नाहीत.

पायरी दुसरी: ग्रीनहिलचं झटपट सूत्र

मोठ्या काडतुसाची नळी असेल तर व्हर्नियर काढा. एकाच डब्यातल्या दहा गोळ्या मोजून सरासरी घ्या. काडतुसाची नाही, सुट्या गोळीची लांबी हवी. ती मिळत नसेल तर उत्पादकाच्या तक्त्यात सापडते.

१८७९ मध्ये वूलिचच्या लष्करी शाळेत गणित शिकवणाऱ्या जॉर्ज ग्रीनहिल यांनी तोफगोळ्यांसाठी एक सूत्र काढलं. ते अजूनही पहिल्या अंदाजाला चालतं:

पीळ (इंच) = १५० × व्यास × व्यास ÷ लांबी

व्यास आणि लांबी इंचात. वेग २८०० फुटांच्या वर असेल तर १५० च्या जागी १८० घ्यायची पद्धत आहे.

आपण ६ मिमीची एक गोळी धरू: व्यास ०.२४३ इंच, लांबी १.०५ इंच म्हणजे साधारण २६.७ मिमी, वजन १०० ग्रेन, वेग २९५० फूट. व्यासाचा वर्ग ०.०५९. त्याला १८० नं गुणलं की १०.६, आणि १.०५ नं भागलं की १०.१. उत्तर १:१०. कागदाच्या मागच्या बाजूला दोन मिनिटांत होतं. पण हे सूत्र हवेबद्दल काही विचारत नाही आणि तुमच्या हातात काठावर किती जागा उरली तेही सांगत नाही.

पायरी तिसरी: मिलरचं सूत्र, आणि इथे थोडं रेंगाळा

डॉन मिलर यांनी २००५ मध्ये मांडलेलं सूत्र 'स्थैर्यांक' काढून देतं. एकच्या खाली गेला की गोळी आडवी होणार. १ ते १.३ म्हणजे कधी चालेल, कधी दगा देईल. १.४ ला काम भागतं. नवीन नळी घेतोय तर १.५ चं लक्ष्य ठेवा.

स्थैर्यांक = ३० × वजन ÷ (प² × व्यास³ × ल × (१ + ल²))

यात 'प' म्हणजे पीळ, पण इंचात नाही, गोळीच्या व्यासात मोजलेला. 'ल' म्हणजे गोळीची लांबी, तीही व्यासात मोजलेली. घाबरू नका, वरचीच गोळी १:१० च्या नळीत घालून बघू.

प = १० ÷ ०.२४३ = ४१.१५, त्याचा वर्ग १६९३.
व्यासाचा घन ०.०१४३५.
ल = १.०५ ÷ ०.२४३ = ४.३२, आणि १ + ल² = १९.६७.
खालचा गुणाकार येतो २०६५ च्या आसपास. वर ३० × १०० = ३०००. भागाकार १.४५.

हे उत्तर २८०० फुटांच्या वेगाला धरून आहे. आपला वेग २९५० आहे, म्हणून २९५० ÷ २८०० चं घनमूळ, म्हणजे १.०१८ नं गुणा. आलं १.४८.

आता फक्त पीळ बदला. १:१२ केलं तर १.०३. १:९ केलं तर १.८३. पीळ वर्गानं काम करतो, म्हणून इंच-दोन इंचांत एवढा फरक पडतो.

हे तीन आकडे मी मुद्दाम निवडलेत, कारण त्यांच्यामागे एक खरी गोष्ट आहे. १९५५ मध्ये अमेरिकेत एकाच वेळी ६ मिमीची दोन काडतुसं बाजारात आली. विंचेस्टरच्या .२४३ ला १:१० चा पीळ होता, रेमिंग्टनच्या .२४४ ला १:१२. रेमिंग्टनच्या लोकांनी हलक्या गोळ्या डोळ्यांसमोर ठेवल्या होत्या आणि गिऱ्हाइकाला १०० ग्रेनची हवी होती. काडतूस म्हणून .२४४ कुठेच कमी नव्हतं, तरीही .२४३ पुढे निघून गेलं. १९६३ मध्ये रेमिंग्टननं पीळ १:९ करून, नाव बदलून '६ मिमी रेमिंग्टन' म्हणून तेच काडतूस पुन्हा आणलं, पण गेलेलं गिऱ्हाईक परत आलं नाही. ती चूक फॉर्मवरच्या याच रकान्यात झाली होती.

पायरी चौथी: हवा. आणि बेळगावकरांनी हे दोनदा वाचावं

मिलरचे वरचे आकडे समुद्रसपाटीच्या, १५ अंश सेल्सिअसच्या हवेचे आहेत. हवा विरळ झाली की गोळीला उलटवणारा रेटा कमी होतो आणि तोच पीळ जास्त पुरतो. हवा थंड आणि दाट झाली की उलट.

बेळगाव साधारण ७५० मीटर उंचीवर आहे. थंड हवेचं गाव म्हणून आपण मिरवतो ते त्यामुळेच. या उंचीवर हवेचा दाब समुद्रसपाटीपेक्षा आठ-नऊ टक्क्यांनी कमी असतो. त्यात मार्चची ३० अंशांची दुपार धरली तर स्थैर्यांक १५ टक्क्यांनी वर जातो. म्हणजे १:१२ ची ती काठावरची नळी इथे १.१८ दाखवेल. टार्गेटवर भोकं गोल पडतील, तुम्ही खूश व्हाल.

मग घाट उतरून कारवारला जा. तापमान तेच ३० अंश, पण उंची शून्य. स्थैर्यांक १.०८. आता डिसेंबरच्या सकाळी दिल्लीला तुघलकाबादच्या रेंजवर उभे राहा, पारा आठवर. दिल्लीची उंची सव्वादोनशे मीटरच्या आसपास, हवा थंड आणि दाट. बेळगावात मिळालेली सगळी सूट तिथे परत केलेली असते आणि उरतो १.०३. महत्त्वाची स्पर्धा नेमकी थंडीत आणि नेमकी उत्तरेत असते.

असाच अनुभव अमेरिकन लष्करालाही आला. एआर-१५ रायफलच्या सुरुवातीच्या नळ्या १:१४ पिळाच्या होत्या. साध्या हवेत चालून गेल्या, कडाक्याच्या थंडीतल्या चाचण्यांत नेम ढासळला. १९६३ मध्ये पीळ १:१२ करावा लागला.

म्हणून गणित नेहमी आपल्या वाट्याला येणाऱ्या सगळ्यात वाईट हवेचं करा. टिळकवाडीच्या गच्चीवर बसून, पंखा लावून, टिळकवाडीच्या हवेचं करू नका. आपल्या गोळीसाठी १:१० मध्ये दिल्लीला १.४८ उरतो, तेवढा पुरे. १:९ मध्ये शंकाच उरत नाही. मी स्वतः नऊ लिहीन, कारण पुढे कधी दोन मिलिमीटर लांब गोळी आवडली तर नळी बदलावी लागणार नाही.

मग आठ का नको?

त्या शेजारच्या माणसाचा प्रश्न इथे येतो. जलद पिळानं गोळी 'जास्त स्थिर' होऊन बिघडते, असं रेंजवर ऐकायला मिळतं. नेहमीच्या अंतरावर त्याला फारसा अर्थ नाही. खरी तक्रार वेगळी आहे. कुठल्याही गोळीचा तोल शंभर टक्के अचूक नसतो. नवीन टायर बॅलन्स न करता गाडी साठला पळवली तर काही कळत नाही, शंभरला स्टीअरिंग थरथरतं, तसंच. गिरकी वाढली की स्वस्त गोळीचे दोष मोठे होऊन टार्गेटवर दिसतात. पातळ आवरणाची हलकी गोळी तीन लाख आरपीएमच्या पुढे हवेतच फुटल्याची उदाहरणं आहेत. उजव्या पिळाची गोळी लांब पल्ल्यावर थोडी उजवीकडे सरकते, तेही पिळाबरोबर वाढतं, पण नवख्याला त्याची चिंता नको.

तर माझं मत असं: हिशेबात येईल त्यापेक्षा एक इंच जलद घ्या, तीन इंच नको. आणि कमी-जास्तीत निवडायची वेळ आली तर जास्तीकडे चुका. जलद पिळात टार्गेटवरचा भोकांचा गट थोडा पसरतो, मंद पिळात गोळी आडवी जाते.

टोकाला प्लॅस्टिक असलेल्या गोळ्या मोजताना एक लक्षात ठेवा. ते टोक लांबी वाढवतं, वजन जवळजवळ नाही. सूत्राला ते समजत नाही, म्हणून उत्तर खऱ्यापेक्षा कमी येतं. १.४ आलं तर हताश होऊ नका.

पायरी पाचवी: फॉर्मवरची बाकीची चिल्लर

खाचा चार, पाच की सहा, यावर लोक तासन्‌तास भांडतात. नवख्यानं बनवणाऱ्याचं नेहमीचं माप घ्यावं आणि पुढे जावं. आटे कसे पाडलेत याला मात्र महत्त्व आहे. एकेक खाच कापून काढलेल्या नळीत तुम्हाला हवा तो पीळ मिळतो, साडेआठ म्हटलं तर साडेआठ. कार्बाइडचं बटण ओढून पाडलेल्या नळीत बनवणाऱ्याकडे जी बटणं आहेत तेवढेच पर्याय. दोन्ही चांगली असतात. बटण वाटेत अडखळलं तर पीळ तिथे सैल पडू शकतो, आणि तोंडाकडे सैल होत जाणारा पीळ सगळ्यात वाईट, कारण गोळीची पकड शेवटच्या क्षणी सुटते.

लांब गोळी निवडली तर ती भरलेलं काडतूस मॅगझिनमध्ये मावतं का, हेही आधीच बघा. पीळ बरोबर आणि काडतूस मावेना, अशी फजिती होते.

पायरी सहावी: आलेली नळी मोजून घ्या

पावतीवर १:९ लिहिलंय म्हणून विश्वास ठेवू नका. रायफल रिकामी आहे हे आधी डोळ्यांनी आणि बोटानं दोन्हीनं तपासा, बोल्ट काढून ठेवा. मुठीत बेअरिंग असलेला, म्हणजे आपोआप फिरणारा क्लीनिंग रॉड घ्या. त्याला घट्ट बसणारा कपड्याचा तुकडा लावून चार-पाच इंच आत ढकला. रॉडवर मास्किंग टेपचा झेंडा लावा, झेंडा वर असताना, रॉड रायफलमध्ये शिरतो त्या जागी रॉडवर पेन्सिलची खूण करा. हळू ढकलत राहा. झेंडा पूर्ण फेरी मारून परत वर आला की त्याच जागी रॉडवर दुसरी खूण. दोन खुणांमधलं अंतर म्हणजे पीळ.

मी पहिल्यांदा हे केलं तेव्हा सोळाच्या नळीत साडेसतरा आले. विकणाऱ्याला फोन करून चार शब्द सुनावलेही. दुसऱ्या दिवशी जाडसर कपडा लावून मोजलं तर बरोबर सोळा. आदल्या दिवशीचा कपडा सैल होता, आट्यांवरून घसरत होता. पुन्हा फोन करावा लागला, यावेळी माफी मागायला. म्हणून निदान पाच वेळा मोजा. पाचही आकडे एकमेकांच्या पाव इंचात आले तरच ते खरे धरा. मोजतानाच रॉडवरचा हातही जागा ठेवा: कपडा मागून तोंडापर्यंत एकसारखा घट्ट गेला पाहिजे. मध्येच हलका झाला, विशेषतः शेवटच्या काही इंचांत, तर नळी बसवायच्या आधी परत पाठवा. बसवल्यावर कुणी परत घेत नाही.